गंजलेल्या मोटारीचा पुनर्जन्म

सोलापूरहून वैरागमार्गे बार्शीकडे जाताना रस्त्याकडेच्या एखाद्या गॅरेजमागे तुम्ही ती पाहिली असेल. चाके केव्हाच कोणीतरी काढून नेलेली, बॉनेटवर धुळीचा जाड थर, खिडकीतून आत शिरलेली बाभळीची फांदी आणि मागच्या सीटवर ठाण मांडून बसलेली कोंबडी. लोक म्हणतात, "भंगार आहे झालं!" आणि पुढे जातात.

पण एखादा मुलगा थबकतो. त्याला वाटते, ही पुन्हा चालेल का? विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा "हो" असे आहे. मात्र एक अट आहे. उत्साहाच्या भरात माणूस पहिल्या अर्ध्या तासात अशा गाडीचे जे नुकसान करतो, ते कधी कधी वीस पावसाळ्यांनीही केलेले नसते. हे कसे घडते, आणि ते कसे टाळावे, हे आज आपण पाहू. त्यासाठी लागणारे बहुतेक शास्त्र तुमच्या शाळेच्या पुस्तकातच आहे.

जुन्या गाड्यांचे एवढे कौतुक का?

अमेरिकेत १९६४ साली पॉन्टिअॅक जीटीओ नावाची मोटार निघाली. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन बसवलेले होते. तिथून 'मसल कार', म्हणजे पिळदार स्नायूंच्या पहिलवान मोटारींचे युग सुरू झाले असे मानतात. क्रायस्लर कंपनीच्या डॉज चार्जर या गाडीत तर ७ लिटरचे, ४२५ अश्वशक्तीचे इंजिन मिळत असे. पुढे धुराविषयीचे कायदे कडक झाले, विम्याचे हप्ते वाढले आणि १९७३ साली तेलसंकट आले. पेट्रोल पिणाऱ्या या गाड्या नकोशा झाल्या. कित्येक गोठ्यांत आणि भंगाराच्या आवारात जाऊन पडल्या. आज तिकडचे हौशी लोक त्यांनाच शोधत फिरतात.

या पहिलवान मोटारी आपल्याकडे विकल्या जात नव्हत्या. पण त्यांच्या घराण्याशी आपल्या सोलापूरचे नाते आहे. १८८२ साली सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या नावांच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. पुढे याच कारखान्यातून फियाट आणि तिचीच पुढची 'प्रीमियर पद्मिनी' बाहेर पडली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली. तेव्हा गॅरेजमागची गाडी अमेरिकन पहिलवान नसली, तरी ती आपल्याकडच्या उद्योगाच्या इतिहासाचे एक पान असू शकते.

पहिले हत्यार : वही

अशी गाडी हाती आली की पहिल्या दिवशी काय करावे? काहीही करू नये! पान्हा बाजूला ठेवून वही आणि पेन्सिल घ्यावी. गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चेसिसवर, आणि इंजिनवर ठोकलेले क्रमांक उतरवून घ्यावेत. कोणता भाग कुठे आहे, कोणती वायर कशाला जोडली आहे, याची चित्रे काढावीत, फोटो घ्यावेत.

क्रमांकाला इतके महत्त्व का, हे एका खऱ्या उदाहरणाने कळेल. १९६८ साली 'बुलिट' हा अमेरिकन चित्रपट निघाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांच्या रस्त्यांवरील त्यातला मोटारींचा पाठलाग अतिशय गाजला. त्यासाठी फोर्ड मस्टँग जातीच्या दोन सारख्या गाड्या वापरल्या होत्या. उड्या मारून मारून खिळखिळी झालेली त्यांतली दुसरी गाडी भंगारात गेली, ती नष्टच झाली असे अनेक वर्षे सर्वजण समजत होते. मग ती मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया भागात एका आवारात पडलेली सापडली. तिच्यावर पांढरा रंग होता, आणि तिला कापूनठोकून दुसऱ्याच एका चित्रपटातील गाडीची नक्कल बनवायचे चालले होते! सुदैवाने कोणीतरी क्रमांक तपासला. २०१७ साली तज्ज्ञाने ती खरी असल्याची खात्री करून दिली.

तो क्रमांक होता ८ आर ०२ एस १२५५५९. यात ८ म्हणजे १९६८ साल, आर म्हणजे सॅन होजे येथील कारखाना, ०२ म्हणजे मागे उतरत्या छपराची बांधणी, एस म्हणजे ६.४ लिटरचे मोठे इंजिन आणि शेवटचे सहा आकडे म्हणजे गाडीचा अनुक्रमांक. वैद्य नाडी पाहतो तसा जाणकार हा क्रमांक वाचतो. गंज काढण्याच्या घाईत कोणी त्यावर ग्राइंडर फिरवला असता, तर गाडी उरली असती, पण तिची ओळख गेली असती.

कोरड्या हवेत गंज कुठून आला?

आता गाडीच्या मुख्य शत्रूकडे वळू. वैराग पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. मुंबईसारखी खारी, दमट हवा येथे नाही. म्हणून येथल्या गाडीचे छप्पर अनेकदा शाबूत असते. पण खाली वाकून पाहा. दारांचा खालचा काठ आणि पायाखालचा पत्रा चाळणीसारखा झालेला दिसेल. याचे कारण आपली काळी माती. ती पाणी धरून ठेवते आणि उडून पत्र्याच्या सांदीकोपऱ्यांत बसते. पाऊस थांबला तरी तो ओलसर चिखल लोखंडाला पोटीससारखा चिकटून राहतो.

लोखंड गंजते तेव्हा पत्र्यावर अक्षरशः एक छोटीशी विद्युत् घटमाला तयार होते. एका ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तेथे ऑक्सिजन व पाणी त्यांचा स्वीकार करतात. या दोन्ही क्रियांतून शेवटी तांबूस रंगाचा गंज बनतो. पाण्यात मीठ असेल तर वीज अधिक सहज वाहते, म्हणून समुद्रकाठी गंज वेगाने चढतो.

गंजाची आणखी एक खोड आहे. तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली गंज धरला की तेथे फोड येतो, रंग सुटतो आणि आत नवे पाणी शिरते. ॲल्युमिनियमवर बसणारा ऑक्साइडचा थर घट्ट असतो, तो आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असल्याने तो रक्षण करीत नाही, उलट ओल धरून ठेवतो.

इंजिन जाम का होते?

इंजिन बंद पडते तेव्हा कोणत्या ना कोणत्या सिलिंडरची झडप उघडीच राहते. दिवसा ऊन तापले की आतली हवा प्रसरण पावून बाहेर जाते, रात्री गार होऊन बाहेरची हवा आत येते. जणू इंजिन रोज एक श्वास घेते! त्या हवेतील बाष्प थंड धातूवर दवासारखे जमते. सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या कड्या (रिंगा) यांच्यामध्ये गंज धरतो. वर सांगितल्याप्रमाणे तो फुगतो, आणि पिस्टन पाचरीने ठोकल्यासारखा अडकून बसतो.

उत्साही माणूस येथेच चूक करतो. तो नवी बॅटरी आणतो आणि सेल्फ मारतो. सेल्फ मोटारीचे छोटे दातेरी चाक फ्लायव्हीलच्या मोठ्या दातेरी कड्याला फिरवते. दोहोंच्या दातांचे प्रमाण १ ला १० किंवा त्याहूनही अधिक असते, म्हणजे मोटारीचे पीळबल तितक्या पटींनी वाढून इंजिनवर पडते, आणि तेही झटक्याने. अडकलेली रिंग तुटते, गंजाचे कण सिलिंडरला ओरखडे पाडतात. वीस वर्षे वाट पाहिलेले इंजिन दोन सेकंदांत निकामी होते.

योग्य मार्ग संथ आहे. स्पार्क प्लग काढावेत. त्या भोकांतून पातळ तेल आत सोडावे आणि काही दिवस थांबावे. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच केशाकर्षणाने ते केसाएवढ्या फटीत शिरते. तेल जितके पातळ, तितके ते लवकर पोचते. मग क्रँकच्या टोकाला लांब पान्हा लावून हाताने, हलकेच, आधी थोडे पुढे, मग थोडे मागे असा जोर द्यावा. पान्हा ०.६ मीटर लांब असेल आणि टोकाशी आपण १०० न्यूटन, म्हणजे सुमारे दहा किलो वजनाइतका जोर लावला, तर पीळबल ६० न्यूटन-मीटर होते. हाताला अडथळा जाणवतो, तो यंत्राला जाणवत नाही. इंजिन हलले नाही तर जोर वाढवू नये, आणखी तेल घालून पुन्हा थांबावे. तरीही न हलल्यास हेड उतरवून पाहावे.

आधी थांबणे, मग धावणे

इंजिन मोकळे झाले तरी टाकीतले जुने पेट्रोल वापरू नये. त्यातला हलका भाग उडून गेलेला असतो. उरलेल्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ बनतो आणि कार्बुरेटरची बारीक छिद्रे बुजतात. टाकी आणि नळ्या जाणकाराकडूनच साफ करून घ्याव्यात, कारण रिकाम्या टाकीतील पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षाही धोक्याची असते. शिवाय आता आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या जातीचे रबर फुगवते. म्हणून रबरी नळ्या बदलणे अटळ आहे.

ब्रेकचेही तसेच. पायाने दिलेला दाब तेलातून चारही चाकांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात. पण ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते आणि आतला छोटा सिलिंडर गंजतो. म्हणून जुने मिस्त्री इंजिनाआधी ब्रेक नीट करतात. जी थांबू शकत नाही, ती चालवायची कशाला?

गंज काढायचा, लोखंड नाही

जाड पत्र्यावरचा गंज तारेच्या ब्रशने निघतो. गुंतागुंतीच्या लहान भागांसाठी विद्युत् अपघटनाचा उपयोग होतो. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात गंजलेला भाग ऋणाग्राला आणि टाकाऊ लोखंडी पट्टी धनाग्राला जोडतात. प्रवाह सुरू केला की गंज सैल होऊन सुटतो आणि चांगले लोखंड तसेच राहते. गंज निर्माण करणारी क्रियाच येथे उलटी फिरवलेली असते. यात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर, ज्वाळेपासून दूर आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे. धनाग्राला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात.

उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल लावले तर त्याचे लोह फॉस्फेट बनते. हा थर रंगाला घट्ट धरतो. त्यावर लगेच प्राइमर लावला पाहिजे, कारण उघडे लोखंड एका दमट रात्रीतही पुन्हा तांबूस होते.

गाडी विकत घेताना एक साधे लोहचुंबक खिशात असावे. पत्र्याला ते चिकटते. पत्र्याच्या जागी पुट्टी थापून वर रंग मारला असेल तेथे ते गळून पडते!

किती नवे, किती जुने?

सगळा पत्रा, इंजिन, सीट, काचा नव्या घातल्या, तर ती तीच गाडी म्हणायची का? या प्रश्नाचे उत्तर 'बुलिट'मधल्या पहिल्या गाडीने दिले आहे. ती १९७४ पासून एकाच कुटुंबाकडे होती. त्यांनी तिला नवा रंग दिला नाही, खरचटे आणि गंजाचे डागही तसेच ठेवले. जानेवारी २०२० मध्ये ती लिलावात सर्व शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली. लोकांनी पैसे दिले ते चकाकीसाठी नव्हे, खरेपणासाठी.

आपल्याकडील नियमही तोच विचार करतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला असेल, तर ही सवलत मिळत नाही. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, शर्यतफेरी किंवा दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणायची.

म्हणून जाणकाराचा नियम असा : जिवाला धोका असेल ते बदला, गंजत असेल ते थांबवा, आणि बाकीचे शक्यतो तसेच राहू द्या. काढलेला जुना भाग नाव लिहून जपून ठेवा. रंग पुन्हा देता येतो, पण कारखान्यात दिलेला पहिला रंग एकदाच दिला जातो.

करून पाहा

तीन परीक्षानळ्यांत प्रत्येकी दोन स्वच्छ खिळे ठेवा. पहिलीत साधे पाणी घाला. दुसरीत उकळून गार केलेले पाणी घालून वर तेलाचा थर द्या. तिसरीत मिठाचे पाणी घाला. शक्य असल्यास चौथ्या नळीत खिळ्यांभोवती ओली काळी माती भरा. आठ दिवस रोज निरीक्षण करून नोंद ठेवा. गंज कुठे आधी दिसतो? कुठे जवळजवळ दिसतच नाही? का?

आणि पुढच्या वेळी गॅरेजमागची ती गाडी दिसली, तर मालकाची परवानगी घेऊन तिचा क्रमांक वहीत उतरवा. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारा, ही कोणती, कुठून आली, कशाने बंद पडली? गाडीचा गंज थांबवता येतो. पण त्यांच्या आठवणीतली माहिती कोणी लिहून घेतली नाही, तर ती पुन्हा मिळवण्याचा उपाय कोणत्याच शास्त्रात नाही.