शरद जोशी नेमके कुणाच्या बाजूचे? पुण्यतिथीला दरवर्षी होणारा वाद समजून घ्या

दरवर्षी १२ डिसेंबरला शेतकऱ्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप गजबजून जातात. त्या दिवशी एका शरदरावांचा, म्हणजे पवारांचा वाढदिवस असतो. गोपीनाथ मुंडेंची जयंती असते. आणि दुसऱ्या शरदरावांची, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींची पुण्यतिथी असते. २०१५ साली याच तारखेला पुण्यात त्यांचं निधन झालं. पहिल्या दोघांच्या फोटोखाली हात जोडलेले न् केक पडतात. जोशींच्या फोटोखाली मात्र भांडण लागतं.

एक जण लिहितो, 'युगात्म्याला अभिवादन'. त्याखाली लगेच दुसरा लिहितो, 'यांनीच शेतकरी व्यापाऱ्याच्या दावणीला बांधला'. तिसरा विचारतो, भाजपच्या पाठिंब्यावर खासदार कोण झालं होतं? चौथा छातीवरचा लाल बिल्ला लावलेला आपल्या वडिलांचा जुना फोटो टाकतो आणि गप्प बसतो.

हा वाद नुसता मेलेल्या माणसाचा नाही. कांदा पडला, सोयाबीन पडलं की मोर्चा निघतो. त्यात एक गट म्हणतो हमीभावाचा कायदा करा. दुसरा म्हणतो, सरकारनं बाजारात हातच घालू नये. दोन्ही गट जोशींचंच नाव घेतात. मग खरं कुणाचं धरायचं? त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

साहेबी नोकरी सोडून कोरडवाहू जमीन

शरद जोशींचा जन्म ३ सप्टेंबर १९३५ चा, साताऱ्याचा. भारतीय टपाल सेवेत अधिकारी होते. पुढं स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथं जागतिक टपाल संघटनेत मोठ्या पगाराची नोकरी. ती सोडून सत्तरच्या दशकात ते परत आले आणि खेड तालुक्यात चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करायला लागले. शेती तोट्यात का जाते याचा त्यांनी हिशेब मांडला. निघालेलं उत्तर एका ओळीचं होतं. शेतकरी आळशी नाही, अडाणी नाही, त्याच्या मालाला भाव मिळू दिला जात नाही.

यातला 'मिळू दिला जात नाही' हा भाग लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद तिथंच आहे.

चाकणला कांद्याचं आंदोलन झालं, १९७९ साली शेतकरी संघटना उभी राहिली. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव म्हणून रस्ते न् रेल्वे अडवल्या गेल्या. खेरवाडीला गोळीबारात दोन शेतकरी गेले. १९८१ ला निपाणीत तंबाखूसाठी आंदोलन झालं, तिथंही पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं मेली. बामण नेता आणि मागं सगळा कुणबी-मराठा-माळी समाज, असं चित्र त्याआधी कुणी फारसं पाहिलं नव्हतं. जोशींच्या जातीवरून टोमणे तेव्हाही मारले गेले, आजही मारले जातात. पण चटणी-भाकर बांधून तुरुंगात गेलेल्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

भाव मागणारा माणूस बाजार का मागायला लागला?

टीका करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हा आहे. १९८० मध्ये जोशी म्हणत होते, उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव द्या. म्हणजे मागणी सरकारकडं होती. १९९० नंतर डंकेल प्रस्ताव आला, जागतिक व्यापार संघटना आली. डावे पक्ष आणि बाकीच्या बहुतेक शेतकरी संघटना विरोधात उभ्या राहिल्या. जोशी म्हणाले, येऊ द्या, खुला बाजार आपल्या फायद्याचा आहे. तेव्हापासून 'जोशी बदलले' हा शिक्का बसला.

बदलले का? त्यांचा हिशेब नीट पाहिला तर तसं दिसत नाही.

समजा एखाद्या मालाला देशाबाहेर १०० रुपये भाव आहे. सरकारनं निर्यात बंद केली म्हणून तो इथं ६० ला विकावा लागला. ४० रुपये शेतकऱ्याच्या खिशातून गेले. मग खताच्या, विजेच्या नावानं सरकारनं १० रुपये सबसिडी दिली न् त्याचा फ्लेक्स लावला. प्रत्यक्षात शेतकरी ३० रुपयांनी नागवलाच गेला. याला जोशी उणे सबसिडी म्हणायचे. आकडे इथं समजण्यापुरते घेतलेत, पण भारत सरकारनं जागतिक व्यापाराच्या वाटाघाटीत स्वतःच शेतीला दिलेली मदत एकूण उणे असल्याचं कागदावर दाखवलं होतं. जोशींनी तोच कागद हातात धरून गावोगाव सांगितलं, बघा, हे स्वतः कबूल करतायत.

म्हणजे त्यांच्या लेखी 'रास्त भाव द्या' आणि 'बाजार मोकळा करा' या दोन वेगळ्या मागण्या नव्हत्या. सरकार भाव पाडतं हे एकदा मान्य केलं की दोन्हींचा अर्थ एकच होतो, पाय आमच्या मानेवरून काढा. कर्जाबद्दलही तेच. ते कर्जमाफी म्हणत नसत, कर्जमुक्ती म्हणत. माफी गुन्हेगाराला असते. इथं भाव पाडून कर्ज लादलंय, तर ते वसूल करायचा हक्कच सरकारला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा त्यातूनच आलेली.

कांद्याचं ताजं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये थेट निर्यातबंदी झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. नंतरही शुल्क राहिलं, ते पूर्ण निघालं १ एप्रिल २०२५ ला. या काळात ज्यानं चाळीत कांदा ठेवला होता त्याला उणे सबसिडी म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नाही. गंमत बघा, १९८० ला चाकणमध्ये संघटनेनं भांडून नाफेडची कांदा खरेदी मिळवली होती. आज तोच नाफेड घेऊन ठेवलेला कांदा भाव चढले की शहरात स्वस्तात सोडतो, म्हणून नाशिकचे शेतकरी त्याच्या नावानं बोटं मोडतात. सरकार बाजारात शिरलं तर ते शेवटी कुणासाठी शिरतं, हा जोशींचा प्रश्न होता. तो आजही जुना झालेला नाही.

पण बाजारच पडला तर?

इथपर्यंत जोशींच्या बाजूनं. आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही.

विदर्भात, मराठवाड्यात जुन्या माणसांना कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवते. १९७२ पासून राज्य सरकारच कापूस घ्यायचं, राज्याबाहेर न्यायला बंदी. चुकारे थकायचे, प्रतवारीत लुबाडणूक व्हायची. संघटनेनं ही बंदी मोडायला आंदोलनं केली आणि ते बरोबरच होतं. पण २००० च्या आसपास योजना मोडकळीला आली तेव्हा जगातच कापूस पडलेला होता. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरपूर अनुदान देत होती. आपला शेतकरी मोकळा झाला खरा, पण मोकळा होऊन उभा राहिला तो अशा बाजारात जिथं समोरच्याच्या पाठीशी त्याचं सरकार होतं. त्याच काळात विदर्भातल्या आत्महत्या वाढत गेल्या. आत्महत्यांचं कारण एकच नसतं. नापिकी, सावकार, बियाण्याचा न् फवारणीचा खर्च, सगळं त्यात आहे. त्याचं खापर जोशींवर फोडणं अन्यायाचं. पण 'बाजार खुला झाला की भाव मिळेल' एवढ्यावर कोरडवाहू माणसाचं भागत नाही, हे त्या वर्षांनी दाखवून दिलं.

मजुरांचा प्रश्नही तसाच. ही ऊसवाल्यांची, बड्या शेतकऱ्यांची चळवळ आहे, असं डावे म्हणायचे. जोशींचं उत्तर असं की उत्पादन खर्चात मजुराची रास्त मजुरी धरली आहे, शेतकऱ्याला भाव मिळाला की मजुराला मजुरी मिळेल. कागदावर बरोबर. गावात काय होतं ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. भाव वाढला की आधी ट्रॅक्टर दारात येतो, मजुरी नंतर वाढते, तीही माणसं मिळेनात म्हणून.

मतं मागायला आलो तर...

राजकारणाचं प्रकरण थोडक्यात, कारण त्यात फार गुंता नाही. मतं मागायला आलो तर जोड्यानं मारा, असं सुरुवातीला सांगणारा नेता पुढं निवडणुकीत उतरला. १९९० मध्ये जनता दलाबरोबर जाऊन संघटनेचे पाच आमदार निवडून आले. व्ही. पी. सिंग सरकारनं जोशींना कृषी सल्लागार समितीचं अध्यक्षपद दिलं. १९९४ ला त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, तो चालला नाही. ऐंशीच्या दशकात जातीयवादावर कडाडून बोलणारे जोशी २००४ मध्ये भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यानं राज्यसभेत गेले. अनेक जुने कार्यकर्ते तेव्हा तुटले. राजू शेट्टींनी त्याच सुमारास स्वाभिमानी शेतकरी संघटना वेगळी काढली. कुणी काही म्हणो, या कोलांटउडीचा नीट खुलासा त्यांच्या चाहत्यांनाही आजवर देता आलेला नाही.

ते गेल्यावर आला खरा परीक्षेचा प्रसंग

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राचे तीन कृषी कायदे आले. पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसले. इकडं जोशींच्या विचाराच्या शेतकरी संघटनेनं कायद्यांचं स्वागत केलं. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२१ मध्ये समिती नेमली, तीत संघटनेचे अनिल घनवट होते. राजू शेट्टी आंदोलनाच्या बाजूनं होते. दोघंही एकाच चळवळीतून आलेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागं घेतले गेले.

जोशी असते तर काय म्हणाले असते, यावर तेव्हापासून पैजा लागतात. बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक त्यांना हवीच होती, त्यामुळं कायद्यांना त्यांनी सरळ विरोध केला असता असं वाटत नाही. पण हेही विसरू नये की त्याच सप्टेंबरात, कायदे मंजूर होत असतानाच, केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली होती. एका हातानं मोकळीक द्यायची न् दुसऱ्या हातानं गळा दाबायचा, यावर जोशी गप्प बसले नसते. आज त्यांचा फोटो लावून जे सरकारची प्रत्येक गोष्ट उचलून धरतात आणि जे त्यांचाच फोटो लावून सरकारनंच सगळा माल विकत घ्यावा म्हणतात, त्या दोघांनीही त्यांचं अर्धंच घेतलं आहे. पंजाबचा गहू-तांदूळ सरकार उचलतं, म्हणून त्याला हमीभाव म्हणजे जगणं. आपला कांदा, टोमॅटो, डाळिंब सरकार फारसं उचलत नाही, त्याला सरकारनं आडवं न येणं हेच मोठं. दोन ठिकाणची पिकं वेगळी, म्हणून मागण्या वेगळ्या. एवढं कळलं तर ग्रुपवरची अर्धी भांडणं कमी होतील.

बायकांच्या नावावर जमीन

एका गोष्टीवर मात्र पुण्यतिथीला कुणी भांडतही नाही आणि बोलतही नाही.

नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. खेड्यापाड्यातून बाया गाड्या भरून आल्या. त्यातून पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. शेतात राबणाऱ्या बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचं. ज्या गावात १०० जणांनी असं केलं ते लक्ष्मीमुक्त गाव, तिथं जोशी स्वतः जायचे. भावासाठी सरकारशी भांडणाऱ्या गड्यांना त्यांनी विचारलं, तुम्ही सरकारचं देणं मागता, मग घरातल्या लक्ष्मीचं देणं कधी फेडणार?

आणि याच माणसानं ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या विरोधात मत दिलं. बाजूनं १८६, विरोधात एकटं त्यांचं. मतदारसंघ आळीपाळीनं राखीव केले तर निवडून आलेल्या बाईला पुढच्या वेळी तिथं उभं राहायचा भरवसा नाही, मग ती काम कशाला करेल, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेपात तथ्य आहे. ग्रामपंचायतीत एकदा सरपंच होऊन पुन्हा घरात बसलेल्या बाया आपण पाहतोच. पण त्याच आरक्षणामुळं पहिल्यांदा ग्रामसभेत खुर्चीवर बसलेल्या बायाही पाहतो. ते मत चुकलं, असं म्हणणाऱ्यांचं पारडं इथं जड आहे.

लक्ष्मीमुक्ती मात्र टिकून आहे, निदान कागदावर. राज्याच्या महसूल विभागानं १९९२ साली याच नावानं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला तर त्याच्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावता येतं, त्यासाठी खरेदीखत करावं लागत नाही. वडिलोपार्जित जमिनीत इतर हिस्सेदार असतील, बँकेचा बोजा असेल तर आधी तलाठ्याकडं नीट विचारून घ्यावं. अर्जाला लागतं ते नवऱ्याचं संमतीपत्र, सातबारा-आठ अ आणि ओळखीची कागदपत्रं.