घरी बांधलेल्या विमानात वायर कुठून न्यायची?

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, ही बातमी तुम्ही वाचली असेलच. अशा बातम्यांमध्ये इंजिन किती ताकदीचं, माणसं किती बसतात, हे सगळं येतं. वायरिंगबद्दल कुणी विचारत नाही. अमेरिकेत मात्र गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्यांची मोठी जमात आहे. एकट्या व्हॅन्स कंपनीच्या किटपासून बनलेली १० हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. ही मंडळी एकेका वायरचा रस्ता ठरवण्यात दिवसचे दिवस घालवतात. का, ते पाहूया.

पत्र्याच्या विमानात बॅटरीचं निगेटिव्ह टोक थेट सांगाड्याला जोडतात, बाईकमध्ये चेसिसला जोडतात तसंच. दिव्याकडे पॉझिटिव्हची एकच वायर न्यायची, परतीचा रस्ता पत्र्यातून. वजन वाचलं, काम वाचलं. पण याचाच दुसरा अर्थ असा, की पॉझिटिव्ह वायरचं आवरण कुठेही सोललं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकलं की शॉर्ट सर्किट. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून आपण त्याला हलक्यात घेतो. पण इंजिन फिरवणारी बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर ओतू शकते. तेवढ्यात वायर लाल होते. जुन्या बाईकच्या हँडलजवळची वायर घासून फ्यूज उडतो तेव्हा बाईक रस्त्याच्या कडेला घेता येते. विमानाला कडा नसते.

म्हणून इथे पहिला प्रश्न ‘जवळचा रस्ता कोणता’ हा नसतो. ‘पाच वर्षं थरथरल्यावर ही वायर कशाला घासेल’ हा असतो.

पंखातल्या रिबला भोक पाडून वायर आरपार नेतात. पातळ अ‍ॅल्युमिनियमची ती कडा सुरीसारखी असते, त्यामुळे भोकात रबरी ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर ओवायचीच नाही. मध्ये मध्ये आतून रबर लावलेल्या धातूच्या क्लॅम्पने वायरींचा जुडगा धरून ठेवायचा. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेत याची सोपी कसोटी आहे: दोन क्लॅम्पच्या मधोमध बोटाने दाबलं तर वायर साधारण अर्धा इंच हलावी. जास्त हलली तर कुठेतरी आपटणार, अजिबात हलली नाही तर टोकाला ताण येऊन तुटणार. वळण देतानाही जाडीच्या दसपट त्रिज्येचं गोल वळण द्यायचं, काटकोनात मोडायची नाही. आणि झिप टाय? वायरी एकत्र बांधायला ठीक. पण इंजिन ज्या लोखंडी नळ्यांवर बसतं त्यांना झिप टाय आवळला, तर खाली अडकलेली धूळ पॉलिश पेपरसारखी काम करते आणि हळूहळू नळीच खाते.

पेट्रोलच्या नळीबरोबर वायर न्यायची वेळ आली तर वायर वर, नळी खाली. गळती झाली तर थेंब वायरवर पडता कामा नये. दोघांत शक्यतो ६ इंच अंतर ठेवायचं. स्टिअरिंगच्या, म्हणजे पंख-शेपटीचे हलते भाग ओढणाऱ्या दोऱ्यांपासून किमान ३ इंच. वायर बसवून झाली की स्टिक चारही दिशांना टोकापर्यंत हलवून, कुठे काही अडकतंय का ते डोळ्यांनी पाहायचं.

फ्यूजची जागाही रस्त्याशीच जोडलेली आहे. फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी असतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो वायरला वाचवतो. बारीक २२ गेजच्या वायरला ५ अँपिअरचा पुरतो. पण फ्यूजच्या आधीचा, बॅटरीकडचा तुकडा उघडाच राहतो. त्यामुळे तो जितका आखूड, तितकं बरं.

फायबरच्या विमानात गणित बदलतं, कारण फायबरमधून वीज परत जात नाही. समजा तोल सांभाळण्यासाठी बॅटरी मागे ठेवली आणि स्टार्टर पुढे आहे, मध्ये ४ मीटर अंतर. घरातल्या दिव्यांना आपण साधारण दीड चौरस मिलिमीटरची वायर वापरतो, इथे ३३ चौरस मिलिमीटरची केबल लागते. तरीही २०० अँपिअर ओढले की जाताना सुमारे ०.४ व्होल्ट खर्च होतात आणि येताना तेवढेच. थंडीत मरगळलेल्या बॅटरीसाठी हे थोडं नाही.

आता सगळ्यात फसवी वायर. अशा विमानांच्या बऱ्याच इंजिनांत मॅग्नेटो असतो. तो बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगी तयार करतो. मग इंजिन बंद कसं करायचं? मॅग्नेटोपासून स्विचपर्यंत आलेली एक वायर स्विच ‘ऑफ’ केला की सांगाड्याला जोडली जाते, आणि ठिणगी थांबते. घरात वायर तुटली की दिवा जातो. इथे ही वायर तुटली की मॅग्नेटो कायमचा चालू! स्विच ‘ऑफ’ दिसतोय, चावी खिशात आहे, आणि कुणी प्रोपेलर हाताने सरकवला की इंजिन धडकन फिरू शकतं. सहज हात लावायला गेलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. इंजिन तर रबरी आधारांवर बसलेलं, सुरू-बंद होताना चांगलंच हिसके देतं. त्यामुळे इंजिन आणि सांगाड्याच्या मध्ये या वायरीला सैल वळसा ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावायचे. एक्झॉस्टच्या नळीपासून लांब, हे वेगळं सांगायला नको. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून ती जाळीच्या आवरणाची घेतात, ती जाळीही नीट जोडावी लागते.

पाण्याचा उपाय तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात डिशची केबल खिडकीतून आत घेताना आधी खाली झोळ देतो, म्हणजे थेंब तिथूनच गळतो. विमानात कनेक्टरच्या आधी तसाच झोळ देतात.

पंखाचा खालचा पत्रा रिव्हेटने कायमचा बंद होण्याआधी आतून प्लास्टिकचा पन्हाळीदार पाईप टाकून ठेवतात, आणि त्यात वायरींबरोबर एक रिकामी दोरीही. पुढे कधी पंखाच्या टोकाला नवा दिवा किंवा कॅमेरा लावावासा वाटला, तर त्या दोरीला वायर बांधून ओढायची. ओढताना तिच्यामागे दुसरी दोरी बांधायला मात्र विसरायचं नाही.