होडी पाण्यावर, कायदा काठावर

जुळे सोलापुरातल्या या व्याख्यानमालेत आपण आजवर शहराच्या हद्दीतली बांधकामं, गुंठेवारी, रस्ते यांविषयी बोललो. आज जरा पाण्याकडे जाऊ. ‘सोलापूरसारख्या कोरड्या जिल्ह्यात होड्यांचा काय प्रश्न?’ असं कोणी म्हणेल. पण आपल्याच जिल्ह्यात उजनी आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं, त्याच्या जलाशयाला आपण यशवंतसागर म्हणतो आणि पूर्ण भरला की त्यात ११० टीएमसीपेक्षा जास्त पाणी असतं. एवढं पाणी गावांच्या मधोमध पसरलं, तेव्हा जुन्या वाटा बुडाल्या. त्यांच्या जागी होड्या आल्या.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ आठवा. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला. एक जण पोहत काठाला लागला. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, पाण्यातून जायचं तर थोडा वेळ, म्हणून लोक वर्षानुवर्षं या मार्गाने जात होते. आता शिरसोडी ते कुगाव असा पूल मंजूर झालेला आहे. पण पूल एका ठिकाणी होतो, काठ मात्र कित्येक मैलांचा असतो. म्हणून आमचा आजचा प्रश्न साधा आहे: होडी जिथे बांधली जाते, त्या जागेवर नियम लावायचा कोणी?

आधी नियोजनाचा कायदा बघू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यातला ‘विकास’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातल्या विकासापेक्षा वेगळा आहे. जमिनीवर, जमिनीच्या वर किंवा खाली केलेलं बांधकाम, खोदकाम, आणि जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदल, हे सगळं ‘विकास’. ते परवानगीशिवाय केलं तर कलम ५२ खाली गुन्हा, कलम ५३ खाली काढून टाकण्याची नोटीस, कलम ५४ खाली काम थांबवण्याचा आदेश. तात्पुरत्या स्वरूपाचं काही उभं केलं असेल, तर कलम ५५ आहे.

आता यात होडी कुठे बसते? होडी हे बांधकाम नाही. नोटीस चिकटवायला गेलात तर ती सकाळी पलीकडच्या काठाला असते, म्हणजे दुसऱ्या तालुक्यात, उजनीच्या बाबतीत तर दुसऱ्या जिल्ह्यातही. पण होडी बांधायला खुंटा लागतो, उतरायला धक्का लागतो, तिकिटाला टपरी लागते, गाड्या लावायला जागा लागते. हे सगळं जमिनीवर आहे आणि जमिनीचा वापर बदलणारं आहे. म्हणून आम्ही म्हणतो, होडीच्या मागे धावू नका, काठ धरा.

काठ धरायचा म्हटलं की तीन थर दिसतात. ते वेगवेगळे ओळखले नाहीत तर सगळी चर्चा गोंधळाची होते.

पहिला थर होडीचा. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलयान अधिनियम आला. यंत्रावर चालणाऱ्या नौकेची तपासणी, नोंदणी, विमा, चालवणाऱ्याची पात्रता, या गोष्टी त्यात येतात. वल्ह्यावर चालणाऱ्या साध्या होडीचीही नोंद करण्याची तरतूद आहे आणि ती जिल्हा, तालुका, गाव अशा स्थानिक पातळीवर व्हावी असं अपेक्षित आहे. महाराष्ट्रात नौकांच्या कामासाठी सागरी मंडळ आहे, १९९६ पासून.

दुसरा थर पाण्याचा. जलाशय जलसंपदा विभागाचा. त्यासाठी जमीन संपादित झालेली, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी पट्टीसुद्धा सरकारी. तिथे कोणी पक्कं काही केलं तर ते सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण. जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली ते काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे.

तिसरा थर काठाच्या वरच्या जमिनीचा. महापालिकेच्या हद्दीत असेल तर नियोजन प्राधिकरण महापालिका, गावात असेल तर जिल्हाधिकारी आणि ग्रामपंचायत.

आता गंमत बघा. एकाच खुंट्याला बांधलेल्या एका होडीसाठी तीन-चार दारं. प्रत्येक दारावर ‘आमच्याकडे नाही, पलीकडे विचारा’ असं उत्तर मिळू शकतं. आणि यात कोणी खोटं बोलतोय असंही नाही. प्रत्येकाकडे खरोखरच एकच तुकडा आहे.

हा तिढा फक्त उजनीचा नाही. पणजीला मांडवीत नांगरलेली कॅसिनो जहाजं बघा. गोव्याच्या जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांना परवानगी मिळाली, १९९६ साली त्यात जहाजं आली. जहाज नदीत कुठे नांगरायचं ते बंदर कप्तानाचं खातं बघतं, जुगाराचा परवाना सरकारचं दुसरं खातं देतं, आणि माणसं उतरतात ती पणजी महापालिकेच्या रस्त्यावर. गर्दी, गाड्या, कचरा हे सगळं शहराच्या वाट्याला. जहाजं नदीतून हलवण्याची भाषा कितीदा झाली, मुदतवाढ मात्र मिळत राहिली. जुलै २०१७ मध्ये एक कॅसिनो जहाज भरकटून मिरामारच्या वाळूत रुतलं, तेव्हा सगळ्यांना दिसलं की नांगरलेली गोष्ट कायम नांगरलेलीच राहील असं नसतं.

मग कडक कारवाई करा, सरळ पाडून टाका, असं लोक म्हणतात. इथे सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल माहीत असलेला बरा. न्यायमूर्ती भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन यांनी सांगितलं की, कोणतंही बांधकाम पाडण्याआधी कारणं दाखवणारी नोटीस आणि किमान १५ दिवसांची मुदत द्यायला हवी, बाजू ऐकून घ्यायला हवी. पण याला अपवाद आहेत: रस्ता, पदपथ, रेल्वेलगतची जागा, आणि नदी किंवा जलस्रोत. म्हणजे काठावरच्या अनधिकृत धक्क्याला ते १५ दिवसांचं कवच आपोआप मिळत नाही. पण अपवाद आहे म्हणजे मनमानी चालेल, असा त्याचा अर्थ काढू नये. आमचं मत असं की नोटीस तरीही द्यावी, कारण त्या धक्क्यावर कोणाचं तरी पोट असतं.

आणि अंमलबजावणीला किती वेळ लागतो, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. होटगी रस्त्यावरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आठवते ना? परवानगीचा वाद, विमानसेवेचा आग्रह, ऊस उत्पादकांची काळजी, नोटिसा, कोर्ट, असं वर्षानुवर्षं चाललं. १५ जून २०२३ ला चिमणी पाडली गेली. सोलापूर–गोवा विमान ९ जून २०२५ ला सुटलं. चिमणी जागची हलत नव्हती, एका हद्दीत होती, तरी एवढा काळ गेला. मग रोज जागा बदलणाऱ्या होडीचं काय?

म्हणून आमचं म्हणणं असं, की बंदी ही अंमलबजावणीची सर्वांत सोपी आणि सर्वांत कच्ची पद्धत आहे. घाट बंद केला की प्रवास बंद होत नाही, तो पुढच्या वळणावर, अंधारात, बिनदिव्याच्या काठावरून सुरू होतो. आपल्या पूर्वजांना हे कळलेलं होतं. १८६८ च्या मुंबई फेरी कायद्यात सार्वजनिक ‘तर’ जाहीर करून तिचा ठेका द्यायची, दर ठरवायची सोय होती. नावाडी कोण, भाडं किती, उतरायचं कुठे, हे ठरलेलं असायचं. जागा ठरली की जबाबदारी ठरते.

तेव्हा उजनीकाठच्या कुठल्याही गावात ग्रामसभा होईल, तेव्हा तीन प्रश्न लेखी विचारा. आपल्या घाटावरच्या प्रत्येक होडीची नोंद कुठे आहे? धक्क्याची जागा कोणाची, आणि तिथल्या वापराला परवानगी कोणी दिली? वादळाचा इशारा आला की होडी सोडू नका, हे सांगायचं नेमकं काम कोणाचं, त्याचं नाव आणि फोन घाटावर लिहिलाय का? उत्तर मिळालं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी मिळवा. पहिल्या दोन उत्तरांना वेळ लागला तरी चालेल, वारा मात्र कागदांसाठी थांबत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.