थरथरणाऱ्या स्टिअरिंगचा माग

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडीने ८५चा वेग ओलांडला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते. ९०-९५ला थरथर सर्वांत जास्त जाणवते आणि १००च्या जवळ गेल्यावर चक्क ओसरते. गॅरेजवाल्यांना ही तक्रार रोजची. तिच्यावरचे उपायही ठरलेले असतात : आधी बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग टायर, मग शॉकअप, मग लोअर आर्म. एकेक भाग बदलायचा आणि थरथर थांबते का पाहायचे. यात हजारो रुपये जातात आणि बरेचदा थरथर तशीच राहते.

वास्तविक दोष कुठे आहे, हे थरथर स्वतःच सांगत असते. ती कोणत्या वेगाला येते, सेकंदाला किती वेळा येते आणि काय केल्यावर बदलते, एवढे नीट टिपले तर गाडी जॅकवर चढवण्याआधीच संशयाची यादी दोन-तीन भागांवर येते.

सुरुवात वेगापासून करावी. आपल्याकडच्या अनेक हॅचबॅक गाड्यांना १८५/६५ आर १५ या मापाचे टायर असतात. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंचांची. या टायरचा परीघ साधारण १.९५ मीटर भरतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. या वेगाला चाक सेकंदाला जवळपास १३ फेऱ्या मारते. या मापासाठी सोपा हिशेब असा, की ताशी वेगाला ७ने भागले की सेकंदाच्या फेऱ्या मिळतात.

आता चाकाच्या एका बाजूला, रिमच्या कडेपाशी, फक्त २० ग्रॅम वजन जास्त आहे असे धरू. ९०च्या वेगाला ते सुमारे अडीच किलो वजनाच्या जोराने चाकाला बाहेर खेचते, आणि या ओढीची दिशा फेरीगणिक फिरत राहते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

मग १००च्या जवळ थरथर कमी का होते? चाक, हब आणि ब्रेक यांचे एकत्रित वजन टायरमधली हवा आणि सस्पेन्शनची स्प्रिंग यांच्यामध्ये तोललेले असते. त्याला स्वतःची अशी एक लय असते, बहुतेक गाड्यांत सेकंदाला १० ते १५ हेलकाव्यांची. झोक्याला त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो, तसे इथे होते. चाकाच्या फेऱ्या या लयीशी जुळल्या की २० ग्रॅमचा असमतोलही स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. वेग आणखी वाढला की जोर वाढतो, पण लय मोडते. त्यातच माणसाच्या हाताला सेकंदाला ८ ते १६ कंपने सर्वांत तीव्रतेने जाणवतात. त्यामुळे ठरावीक वेगपट्ट्यात येऊन जाणारी थरथर बहुधा चाकाची असते. ती हातात जाणवली तर पुढच्या चाकांची आणि सीटखाली जाणवली तर मागच्या, असा प्राथमिक कौल देता येतो.

बॅलन्सिंग करूनही फरक पडला नाही, तर यंत्र खोटे ठरत नाही. ते चाकाला हवेत फिरवते, रस्त्यावर मात्र त्याच चाकावर तीनशे-साडेतीनशे किलोंचा भार असतो. टायरचा एखादा भाग इतरांपेक्षा ताठर असेल किंवा टायर किंचित लंबगोल झाला असेल, तर काट्यावर समतोल असलेले चाकही भाराखाली उसळते. बाहेरून घेतलेल्या अलॉय व्हीलचे मधले भोक हबपेक्षा मोठे असेल, तर चाक केंद्रात बसत नाही. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला चिखलही एवढा गोंधळ घालायला पुरतो. यावर जवळपास बिनखर्चाचा प्रयोग म्हणजे पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावणे. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे. जागची हलली नाही, तर पुढचे हब, ॲक्सल आणि सांधे तपासायचे.

ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलत असेल, तर गॅरेजमध्ये ‘डिस्क वाकली’ असे निदान होते. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी असमान झालेली असते. मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाएवढा फरकही पायाला आणि हाताला जाणवू शकतो. हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंज अडकला किंवा चाकाचे नट कमी-जास्त आवळले गेले, की डिस्क किंचित तिरकी फिरते. ब्रेक लावलेला नसतानाही तिचा उंच भाग दर फेरीला पॅडला घासतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये तेवढाच भाग झिजतो. हब साफ न करता नवी डिस्क बसवली, तर तिचीही हीच गत होते. म्हणून डिस्क बदलण्याआधी डायल गेजने तिचे डोलणे मोजायला हवे.

आवाजाचेही असेच. वेगाबरोबर चढत जाणारी घूं-घूं बहुधा बेअरिंगची किंवा असमान झिजलेल्या टायरची. मोकळ्या रस्त्यावर डावीकडच्या वळणात गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी घूं-घूं वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर. खात्री करण्यासाठी मेकॅनिक गाडी जॅक आणि स्टँडवर घेतो, एका हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग धरतो आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवतो. बेअरिंग खराब असेल, तर कानाला ऐकू न येणारी खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते.

स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना होणारी कट-कट ही ॲक्सलच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटची खूण. सहा गोळ्यांचा हा सांधा आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२०च्या दशकात घडवला आणि १९५९मध्ये आलेल्या ब्रिटिश मिनीनंतर तो पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या गाड्यांत रुळला. त्याचे रबरी बूट फाटले की ग्रीस बाहेर जाते, वाळू आत शिरते आणि गोळ्यांची खोबण झिजते. वेळीच बूट बदलले तर जॉइंट वाचतो. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबताच पुढचा भाग डुलत असेल आणि पाय काढताच थांबत असेल, तर आतला जॉइंट पाहावा.

खडबडीत रस्त्यावरची खडखड मात्र फेऱ्यांशी जोडलेली नसते. स्पीडब्रेकरवरून दोन्ही चाके एकदम गेली तर स्टॅबिलायझर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनला जोडणारा दांडा, पिळला जात नाही. गाडी तिरकी नेली की तो पिळतो. सरळ जाताना शांत आणि तिरके जाताना ठक-ठक, असे असेल तर स्टॅबिलायझरची लिंक किंवा तिचे बुश आधी तपासावेत. आणि गाडी सिग्नलला उभी असतानाच थरथरत असेल, तर चाकांकडे पाहायचे कारणच नाही. तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर सेकंदाला २० ठोके देते, ते अडवण्याचे काम इंजिन माउंटिंगच्या रबराचे.

पुण्यात १९६६पासून काम करणाऱ्या ‘एआरएआय’ या वाहन संशोधन संस्थेत आवाज आणि कंपनांच्या चाचण्यांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळांत संवेदक लावून कंपने चाकाच्या आणि इंजिनच्या फेऱ्यांशी ताडून पाहिली जातात. तत्त्व वर सांगितलेलेच आहे. मोबाइलमधला गतिसंवेदकही ॲपच्या मदतीने सेकंदाची कंपने दाखवतो. मात्र फोन शेजारी बसलेल्याने हाताळावा.

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी पाच गोष्टी लिहून न्याव्यात : थरथर कोणत्या वेगाला येते, ब्रेकने बदलते का, वळणावर बदलते का, ॲक्सिलरेटर सोडल्यावर थांबते का, उभ्या गाडीत असते का. मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारावी आणि मगच पाना हातात घ्यायला सांगावे. चाकाचे नट, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड सैल निघाले, किंवा टायरला फुगवटा दिसला, तर दुरुस्तीपर्यंत ती गाडी रस्त्यावर आणू नये.