क्षयाची लस व आपलीं नातवंडें

१९२१ सालीं मुळशी पेट्यांत धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला, हें आमच्या वाचकांस विदित आहेच. त्याच सालीं पॅरिस येथें एका नवजात बालकास क्षयाची लस जगांत प्रथम देण्यांत आली, हें मात्र थोड्यांस ठाऊक असेल. त्या बालकाची आई क्षयानें वारली होती, आणि ज्या आजीनें त्याचा सांभाळ करावयाचा तीही क्षयीच होती. बालक वांचलें.

ही लस गोठ्यांतून आली आहे. काल्मेत व गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं गाईच्या क्षयाचे जंतु घेऊन ते पित्तांत शिजविलेल्या बटाट्यावर वाढविले. विरजणास विरजण लावावें त्याप्रमाणें १९०८ पासून तेरा वर्षें, २३० वेळां, ते नव्या बटाट्यावर घातले. तेव्हां जंतु जिवंत राहिले, पण त्यांची रोग उपजविण्याची शक्ति गेली. यासच बी.सी.जी. म्हणतात. आपल्या देशांत १९४८ सालीं मद्रासेस गिंडी येथें तिची प्रयोगशाळा निघाली.

लस जन्मतांच, निदान वर्षाच्या आंत, डाव्या दंडावर त्वचेंत टोचतात. दोनतीन आठवड्यांनीं तेथें पुटकुळी येते, ती फुटून वाळते व वण राहतो. हें चांगलेंच लक्षण होय; त्यावर हळद वा चुना लावूं नये. ज्या मुलाची रोगप्रतिकारशक्ति आजारानें अगर औषधांनीं क्षीण झाली आहे, त्यास मात्र ही जिवंत लस देत नाहींत.

तिच्या मर्यादाही समजून घ्याव्या. मेंदूच्या आवरणाचा व सर्वांगांत पसरणारा क्षय, हे लहान मुलांचे घातक प्रकार, ती पुष्कळ अंशीं टाळते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयास ती रोखीत नाहीं, असें चिंगलपेट जिल्ह्यांत १९६८ पासून झालेल्या मोठ्या प्रयोगांत आढळलें. सबब वण आहे म्हणून खोकल्याकडे दुर्लक्ष करणें घातक होय.

आतां परदेशीं गेलेल्यांविषयीं. आपल्या कित्येक घरांतील मुलगे-मुली विलायतेस स्थायिक आहेत. इंग्लंडांत सर्व शाळकरी मुलांस लस देण्याची चाल २००५ सालीं बंद झाली; ज्यांचे आईबाप अगर आजीआजोबा क्षयाचें प्रमाण अधिक असलेल्या देशांत जन्मले, अशा बालकांस ती तेथें देतात. अमेरिकेंत ती सरसकट देत नाहींत. तेव्हां नातवंड कांहीं महिने गांवीं राहावयास येणार असेल, तर निघण्यापूर्वीं बरेच आठवडे आधीं तेथील डॉक्टरांस विचारावें, असें मुलांस आजच लिहून कळवावें.

परंतु पाहुण्याची तयारी यजमानानेंही केली पाहिजे. धारोष्ण दूध पाजण्याचा मोह टाळावा; गुरांचा क्षय कच्च्या दुधांतून येतो, म्हणून तें उकळूनच द्यावें. घरांतील कोणासही दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत तपासणी व औषध विनामूल्य मिळतें. सामान्यतः सहा महिने तें न चुकतां घेतल्यास रोग बरा होतो. घरांतील मुलांचीही तपासणी करून त्यांस प्रतिबंधक औषध देतात.

वडीलधाऱ्यांस थुंकी तपासा म्हणणें आपणांस जड जातें, हें आम्ही जाणतों. परंतु नातू मांडीवर घेण्यापूर्वीं आजोबांनीं आपण होऊन दवाखान्याची पायरी चढावी, यांत कमीपणा कसला? पॅरिसच्या त्या बालकास लस मिळाली. आपल्या नातवास लसही मिळावी आणि निरोगी आजोबाही.