आई-वडील फडावर, मुले गावात : हंगामी वसतिगृहांचा आधार किती?

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना अर्धापूर मागे पडले की कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव लागते. इसापूर धरणाच्या पाण्यामुळे हा पट्टा ऊस, केळी आणि हळदीसाठी ओळखला जातो. परिसरात साखर कारखानाही आहे. मात्र, १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या याच हिंगोली जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास मजूर कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. एकीकडे बाहेरगावच्या टोळ्या येथे येतात, तर दुसरीकडे येथील टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाची वाट धरतात. या दोन्ही प्रवाहांत मुलांची शाळा मात्र वाहून जाते.

ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी दोघांनाही पहाटेपासून फडात राबावे लागते. लहान भावंडे सांभाळणे, पाणी भरणे, स्वयंपाक करणे ही कामे मग दहा-बारा वर्षांच्या मुलीवर येऊन पडतात. हंगाम चार ते सहा महिने चालतो. परतल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो आणि एक-दोन वर्षांत नाव पटावर राहूनही शाळा सुटते.

पुढचा धोका बालविवाहाचा. वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवायची कोणाकडे आणि कोपीवर न्यायची कशी, हा पालकांपुढील खरा पेच असतो. शिवाय लग्न झाले की नवा कोयता तयार होतो आणि उचलही वाढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २० ते २४ वयोगटातील विवाहित व अविवाहित स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते. शेजारच्या परभणीत ते ४८ टक्के, तर हिंगोलीत ३७ टक्क्यांच्या आसपास होते.

साखरशाळा ते हंगामी वसतिगृह

या मुलांसाठी पहिला लक्षणीय प्रयोग झाला तो साखरशाळांचा. एकविसाव्या शतकाच्या आरंभी 'जनार्थ' या संस्थेने कारखान्यांच्या परिसरात, मजुरांच्या तळावरच शाळा भरवल्या. शाळा मुलांपर्यंत नेण्याची ही कल्पना मोलाची होती. तरी तळावरचे जगणे बदलत नव्हते. शाळा सुटली की मुलगी पुन्हा कोपीवरच्या कामाला लागत असे.

म्हणून दुसरी वाट पुढे आली : पालक जावोत, मुले गावातच राहोत. यातून हंगामी वसतिगृहांची योजना आकाराला आली. सर्व शिक्षा अभियानातून आणि २०१८ नंतर समग्र शिक्षा योजनेतून तिला बळ मिळाले. समग्र शिक्षेत केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० असा आहे. पैसा सरकारचा असला तरी कारभार गावाचा, हे या योजनेचे वैशिष्ट्य. शाळा व्यवस्थापन समिती स्थलांतरापूर्वी मुलांची यादी करते, पालकांची संमती घेते आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय लावते. दुपारचे जेवण शाळेत मिळते. अनेक ठिकाणी मुले रात्री आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे झोपतात.

ज्या मुलांना न्यावेच लागते, त्यांना शिक्षण हमी पत्रक दिले जाते. ते दाखवून तळाजवळच्या शाळेत बसता येते. डोंगरकड्यासारख्या ऊसपट्ट्यातील गावांची जबाबदारी म्हणून दुहेरी ठरते : जाणाऱ्यांची मुले थांबवणे आणि येणाऱ्यांची मुले वर्गात घेणे.

घोडे अडते कोठे?

पहिली अडचण वेळेची. टोळ्या निघतात दिवाळीच्या आगेमागे. मंजुरी आणि अनुदान त्यानंतर आले, तर मुले आधीच ट्रॅक्टरमध्ये बसलेली असतात. उशिरा आलेल्या पैशापोटी किराणा दुकानदाराची उधारी मुख्याध्यापकाच्या नावावर चढते आणि पुढच्या वर्षी पुढाकार घ्यायला कोणी धजावत नाही.

दुसरी अडचण वयाची. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटापुरता आहे. बालमजुरी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनेही १४ ते १८ वयोगटाला केवळ धोकादायक कामांचीच मनाई केली. म्हणजे जोखीम सर्वांत अधिक असते, नेमक्या त्याच वयात आधाराचे छत्र विरळ होते. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. ४१ तालुक्यांत प्रत्येकी दोन, अशी प्रत्येकी शंभर क्षमतेची ८२ वसतिगृहे, हे तिचे स्वरूप. मात्र तालुक्याच्या ठिकाणचे वसतिगृह गावातल्या सोयीची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. लहान मुलांना घराजवळचाच आधार लागतो.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. पालकांची खात्री जेवणाने पटत नाही. रात्री मुलगी कोणाच्या नजरेखाली आहे, हे त्यांना हवे असते. त्यासाठी सरपंच, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील यांचा सहभाग असलेली ग्राम बाल संरक्षण समिती आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यान्वये असा विवाह लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांकही आहे. तथापि समितीच्या बैठका कागदावरच राहिल्या, तर कायदा मांडव पडल्यानंतरच गावात पोहोचतो.

गावाच्या हाती काय?

सरकारी अनुदान येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करणे अपेक्षित आहे. पहिल्या महिन्याचा किराणा, रात्री सोबतीला राहणाऱ्या एखाद्या विश्वासू महिलेचे मानधन या निधीतून भागू शकते. ऑगस्टच्या ग्रामसभेतच जाणाऱ्या कुटुंबांची यादी वाचली गेली, तर वसतिगृहाचा प्रस्ताव सप्टेंबरात पुढे जाऊ शकतो.

शासनाच्या बाजूने अपेक्षा मोजक्या आहेत : अनुदान हंगामाआधी द्यावे आणि पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलींना गावपातळीवरील सोयीत सामावून घ्यावे. साखरेच्या हंगामाची तारीख दर वर्षी मंत्रालयात ठरते. त्याच बैठकीत या मुलांच्या जेवणाची तारीखही ठरायला हवी.