‘वारस लावला’ म्हणजे वारस झाला का?
माणूस गेल्यानंतरचं बँक खातं आणि गृहकर्ज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तेरावा उरकतो, पाहुणे पांगतात आणि कपाटातली प्लास्टिकची पिशवी बाहेर निघते. पासबुकं, मुदत ठेवीच्या पावत्या, गृहकर्जाची फाइल, कुठल्याशा पतसंस्थेचा शेअर दाखला. सल्ले तोवर मिळालेलेच असतात : ‘पिन माहीत आहे ना, मग आधी पैसे काढून घे’, ‘तुझं नाव लावलंय, म्हणजे पैसे तुझेच’, ‘माणूस गेला की कर्ज माफ होतं’. यातला एकही सल्ला धड नाही.

बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे हा एक प्रश्न आणि ते पैसे कुणाच्या मालकीचे हा दुसरा. कर्जाचंही तसंच : ते कुणी फेडायचं आणि ते कशातून वसूल होणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक गैरसमज या जोड्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

गैरसमज १ : खात्याला ज्याचं नाव लावलं, पैसे त्याचे.

वस्तुस्थिती : घोटाळा आपल्या बोलण्यातच आहे. नॉमिनी नेमण्याला आपण सर्रास ‘वारस लावणे’ म्हणतो. पण नॉमिनी आणि वारस या कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात. बँकिंग नियमन कायदा, १९४९ मधल्या कलम ४५ झेडए प्रमाणे बँक नॉमिनीला पैसे देते आणि आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. नॉमिनीने मात्र ते पैसे खऱ्या वारसांसाठी विश्वस्त म्हणून स्वीकारायचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राम चंदर तलवार खटल्यात बँकेतल्या ठेवींबाबत हे स्पष्ट केलं. शेअर्सच्या नॉमिनीबाबतही १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने हीच भूमिका घेतली.

एक हिशेब पाहू. पुण्यात नोकरी करणारा एक हिंदू गृहस्थ मृत्युपत्र न करता गेला. खात्यात स्वकष्टाचे १२ लाख रुपये आहेत आणि नॉमिनी पत्नी आहे. मागे पत्नी, दोन मुलं आणि गावी राहणारी आई. बँक १२ लाख पत्नीच्या हाती देईल. पण हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस असतात. म्हणजे चौघांचा वाटा प्रत्येकी ३ लाख. यातली आई हमखास विसरली जाते आणि पुढची भांडणं बहुधा तिथूनच सुरू होतात. वडील मात्र पहिल्या वर्गात येत नाहीत. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांत हिशेब वेगळा. गोव्यात तर लग्नानंतर मिळकत सामायिक राहिली असेल, तर अर्धा हिस्सा मुळातच जोडीदाराचा असतो आणि वाटणी उरलेल्या अर्ध्याची होते.

याला एक ठळक अपवाद आयुर्विम्याचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसीत आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुलं नॉमिनी असतील, तर विम्याचे पैसे सर्वसाधारणपणे त्यांच्याच मालकीचे होतात.

गैरसमज २ : मग नॉमिनी नेमून उपयोग काय?

वस्तुस्थिती : उपयोग मोठा आहे, तो हेलपाटे वाचवण्याचा. नॉमिनी नोंदलेला असेल तर दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची ओळख-पत्त्याची कागदपत्रं एवढ्यावर काम होतं. रक्कम कितीही असली तरी बँकेने न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र मागायचं नसतं.

१ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी नेमता येतात. ठेवींसाठी टक्केवारी ठरवून एकाच वेळी चौघांची नावं देता येतात किंवा ‘हा नसेल तर तो’ असा क्रम लावता येतो. लॉकरला फक्त क्रमवारीचाच पर्याय आहे. म्हणजे ज्यांना वाटा द्यायचा, त्यांचीच नावं त्याच टक्केवारीत लावणं आता शक्य आहे. मालकी मात्र तरीही मृत्युपत्रावरून किंवा वारसा कायद्यावरूनच ठरते. म्हणून मृत्युपत्र आणि नामनिर्देशन यांचा मेळ घातलेला बरा.

गैरसमज ३ : एटीएमचा पिन माहीत आहे, म्हणजे पैसे काढायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : हरकत आहे. माणूस गेला त्या क्षणापासून खात्यातली रक्कम त्याच्या वारसांची झाली. कार्ड मात्र फक्त खातेदारापुरतं होतं. मृत्यूच्या तारखेनंतर काढलेला प्रत्येक रुपया खातेउताऱ्यात दिसतो. दुसऱ्या वारसाने हिशेब मागितला, तर तो द्यावा लागतो आणि प्रकरण पोलिसांपर्यंतही जाऊ शकतं. कुलमुखत्यारपत्रही कामाचं नाही. ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबरच संपतं. मृत्यूनंतर जमा झालेलं निवृत्तिवेतनही परत करावं लागतं, कारण कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क वेगळा असतो.

अडीअडचणीच्या खर्चासाठी खरा उपाय आधीच करून ठेवायचा असतो : ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं संयुक्त खातं. एक खातेदार गेला तर बँक हयात असलेल्याला पैसे देते. अशा खात्यावर नॉमिनीचा नंबर सगळे खातेदार गेल्यावरच लागतो. मात्र खातं ‘दोघांच्या सहीने’ चालणारं असेल, तर एकट्याच्या सहीवर काम होत नाही. मृताच्या बाजूने त्याचे वारसही लागतात.

गैरसमज ४ : नॉमिनी नसेल तर कोर्टात गेल्याशिवाय पैसे मिळत नाहीत.

वस्तुस्थिती : रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ रोजी मृत ग्राहकांच्या दाव्यांसाठी एकसारखे नियम जाहीर केले आणि उशिरात उशिरा ३१ मार्च २०२६ पर्यंत ते अमलात आणायला बँकांना सांगितलं. नॉमिनी नसेल आणि वाद नसेल, तर व्यापारी बँकेत १५ लाख आणि सहकारी बँकेत ५ लाख रुपयांपर्यंतचे दावे सोप्या पद्धतीने निकाली काढायचे आहेत. त्यासाठी दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, नुकसानभरपाईचं हमीपत्र, बाकीच्या वारसांची ना हरकत आणि वारस कोण याचा पुरावा लागतो. बँकेला हवं तर ती यापेक्षा वरची मर्यादाही ठरवू शकते.

सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली निघाला पाहिजे. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर ठेवीच्या रकमेवर ‘बँक रेट’ अधिक ४ टक्के दराने व्याज द्यायचं आहे आणि लॉकरच्या बाबतीत दिवसाला ५,००० रुपये. म्हणून कागद दिल्याची तारीखवार पोच घ्या. पंधरा दिवस मोजायचे ते तिच्यावरूनच.

गैरसमज ५ : जुनं खातं तसंच राहिलं, आता ते पैसे सरकारजमा झाले.

वस्तुस्थिती : दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते हे खरं, पण हक्क बुडत नाही. वारस त्यानंतरही त्याच बँकेत दावा करू शकतात. कुठे खातं होतं हेच ठाऊक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर नाव टाकून अनेक बँकांतल्या बेवारस ठेवी एकाच ठिकाणी शोधता येतात. ही सोय ऑगस्ट २०२३ पासून आहे.

गैरसमज ६ : कर्जदार गेला की गृहकर्ज माफ होतं.

वस्तुस्थिती : होत नाही. कर्ज घराला चिकटलेलं असतं आणि घर गहाण आहे तोवर बँकेचा हक्क शाबूत असतो. हा गैरसमज पसरला तो विम्यामुळे. कुणाच्या तरी घरी विमा कंपनीने कर्ज फेडलेलं असतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बँकेने माफ केलं.

गृहकर्जासोबत दोन प्रकारचे विमे निघू शकतात. घराचा विमा आग, भूकंप, पूर यांसाठी असतो; कर्जदाराच्या मृत्यूशी त्याचा संबंध नाही. कर्ज फेडणारा विमा कर्जदाराच्या आयुष्यावर असतो आणि कायद्याने तो सक्तीचा नाही. फाइलमध्ये ‘इन्शुरन्स’ हा शब्द दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. तीन गोष्टी तपासा. विमा कुणाच्या आयुष्यावर आहे? पती-पत्नी दोघं कर्जदार असताना विमा एकाचाच असेल, तर दुसरा गेल्यावर काहीच मिळत नाही. विमा किती रकमेचा आहे? घटत्या रकमेच्या विम्यात संरक्षण ठरलेल्या तक्त्याप्रमाणे दरवर्षी कमी होतं. व्याजदर वाढून कर्जाची मुदत लांबली, तर कर्ज त्या वेगाने कमी होत नाही आणि फरक घरच्यांवर येतो. आणि तिसरं, विम्याची मुदत कर्जाएवढी आहे का?

खात्याचा उतारा चाळताना वर्षाला ४३६ रुपये कापल्याची नोंदही शोधा. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची असेल, तर २ लाख रुपयांचा दावा करता येतो.

गैरसमज ७ : बापाचं कर्ज मुलाने स्वतःच्या पगारातून फेडलंच पाहिजे.

वस्तुस्थिती : पितृऋण ही भावना मोठी आहे, पण वसुलीचा कायदा तिच्यावर चालत नाही. वारस म्हणून मुलगा किंवा मुलगी जबाबदार असतात ते मिळालेल्या मिळकतीपुरतेच. वडिलांचं देणं ३० लाख आणि मागे राहिलेली सगळी मिळकत २२ लाखांची, तर उरलेल्या ८ लाखांसाठी मुलाच्या पगाराला हात लावता येत नाही. क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्जालाही हाच नियम. हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य मानलं जाई. २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जासाठी त्या आधारावर वसुली करता येत नाही.

सहकर्जदाराची गोष्ट निराळी. मुलाने किंवा पत्नीने कर्जाच्या कागदावर सही केली असेल, तर ते वारस म्हणून नव्हे, कर्जदार म्हणून जबाबदार आहेत, तेही अर्ध्या नव्हे, पूर्ण रकमेला. जामीनदाराचंही तसंच. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे त्याची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. ‘नुसती सही तर करायची’ म्हणून जामीन राहिलेल्यांनी हे कलम लक्षात ठेवावं.

गैरसमज ८ : हप्ते थांबले तरी दुःखाच्या घरी बँक लगेच काही करत नाही.

वस्तुस्थिती : व्याज सुतक पाळत नाही. मृत्यूची नोंद होताच खातं गोठतं आणि त्यातून जाणारा हप्ता परत जातो. ९० दिवसांहून जास्त थकलं की कर्ज अनुत्पादक ठरतं आणि गहाण घर ताब्यात घेऊन लिलावात विकू देणाऱ्या २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

म्हणून ठेवींच्या टेबलावर दाखला दिला तसा कर्ज विभागालाही वेगळं पत्र द्या, हप्ता दुसऱ्या खात्यातून भरा आणि विम्याचा दावा चालू असल्याचं लेखी कळवा. हप्ता झेपत नसेल, तर मुदत वाढवून मागता येते किंवा बँकेच्या संमतीने घर विकून कर्ज फेडता येतं. लिलावाची वाट पाहण्यापेक्षा स्वतः गिऱ्हाईक शोधणं बहुधा फायद्याचं ठरतं. लिलाव झालाच, तर देणं आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम वारसांची असते; ती मागून घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

हे सगळं वाचून आज दोनच कामं करा. घरातली सगळी पासबुकं काढा आणि ‘नॉमिनेशन रजिस्टर्ड’ ही नोंद आहे का, ते पाहा. नसेल तर उद्या शाखेत जाऊन अर्ज भरा आणि पोच घ्या. गृहकर्ज असेल, तर विमा कुणाच्या आयुष्यावर, किती रकमेचा आणि कधीपर्यंत आहे, हे बँकेकडून लेखी मागून घ्या. तो कागद पासबुकांच्या त्याच पिशवीत ठेवा आणि पिशवी कुठे आहे, हे घरातल्या दुसऱ्या माणसाला आजच सांगा.